‘दात पडला की इम्प्लांटच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका डेंटिस्टचं उत्तर

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, आणि आता माझे पेशंटच मला पाठवून विचारायला लागलेत की मॅडम हे खरं का. मजकूर थोडक्यात असा: दात गेला की लगेच इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर नवा दात) करा नाहीतर शेजारचे सगळे हलतील, 3 दिवसांत पक्के दात मिळतात, एकदा बसवला की आयुष्यभर बघायला नको, वय-शुगर-तंबाखू काही आड येत नाही, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) आणि कवळी आता जुन्या झाल्या, आणि जो डॉक्टर अजून ब्रिज सुचवतो त्याला इम्प्लांट जमत नाही असं समजा. खाली मक्याचं कणीस खाणारे हसरे आजोबा.

आधीच सांगते, मी स्वतः इम्प्लांट बसवते, त्याचे पैसेही घेते. त्यामुळे इम्प्लांटबद्दल माझा राग वगैरे काही नाही. 1965 साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी ज्या पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले ते गृहस्थ 2006 मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट कामात होते. म्हणजे चीज अस्सल आहे. पण कोणाच्या तोंडात, कुठल्या दाताच्या जागी आणि कसल्या हाडात, हे बघितल्याशिवाय ‘करूनच टाका’ म्हणणं चूक आहे, आणि हा मेसेज नेमकं तेच म्हणतोय. तर एकेक मुद्दा घेऊ.

‘लगेच नाही बसवला तर बाकीचे दात हलतील’

अर्धं खरं. दात काढला की तिथलं हाड झिजायला लागतं, आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्या काही महिन्यांतच होते. शेजारचा दात रिकाम्या जागेकडे कलतो, समोरच्या जबड्यातला लांब होऊन खाली किंवा वर येतो. म्हणून वर्षानुवर्षं जागा मोकळी ठेवून ‘बघू पुढं’ म्हणत बसू नये हे बरोबर.

पण हे प्रत्येक दाताला लागू नाही. अक्कलदाढ काढली तर तिच्या जागी कोणी काही बसवत नाही, हे तर सगळ्यांना माहीत आहे. तिच्या पुढची, म्हणजे सगळ्यात मागून दुसरी दाढ गेली आणि बाकी दात धड असतील, तर बऱ्याच लोकांना काहीच बसवायची गरज नसते. हे माझ्या मनाचं नाही, नेदरलँड्समध्ये कायझर नावाच्या डेंटिस्टने 1980 च्या दशकात हाच विचार मांडला की पुढचे दात आणि मधल्या दाढा शाबूत असल्या तर माणसाचं खाणं-बोलणं व्यवस्थित चालतं. जपानमध्ये 1989 पासून 80 व्या वर्षी स्वतःचे 20 दात टिकवा अशी मोहीम चालू आहे. 20 म्हणतायत ते, 32 नाही. तेव्हा मागची दाढ गेली म्हणून घाबरून एफडी मोडायला निघू नका, आधी डॉक्टरला विचारा की समोरची दाढ लांब होतेय का आणि काहीच नाही केलं तर माझं काय बिघडेल. ‘काही न करणं’ हा पण एक पर्याय असतो, तो कोणी जाहिरातीत छापत नाही एवढंच.

‘3 दिवसांत पक्के दात’

यातला ‘पक्के’ हा भाग खोटा. स्क्रू हाडात घट्ट बसला असेल तर त्यावर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत दात लावता येतात हे खरंय, तशी पद्धत आहे आणि योग्य पेशंटमध्ये चांगली चालते. पण ते दात बहुतेक वेळा तात्पुरते, ॲक्रिलिकचे (एक प्रकारचं प्लास्टिक) असतात, त्यावर काही आठवडे मऊ खायचं असतं, आणि कायमचे दात नंतर काही महिन्यांनी होतात. कारण हाड टायटॅनियमला धरायला आपला वेळ घेतंच, खालच्या जबड्यात साधारण 2-3 महिने, वरच्या जबड्यातलं हाड मऊ असतं म्हणून 3 ते 6 महिने. आणि वरच्या दाढांच्या जागी हाड कमी असेल, सायनस (नाकाच्या बाजूची, दाढांच्या वरची पोकळी) खाली आलेला असेल, तर आधी हाड भरावं लागतं आणि मग सगळा कार्यक्रम वर्षाच्या घरात जातो. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्सरे) न बघता जो तुम्हाला फोनवरच ‘तीन दिवसांत करून देतो’ म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. खालच्या जबड्यातून ओठाची संवेदना नेणारी नस जाते, ती स्क्रूच्या किती जवळ आहे हे स्कॅनशिवाय नीट कळत नाही, आणि नसेला लागलं तर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते.

‘एकदा बसवला की आयुष्यभर बघायला नको’

हे वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

10 वर्षांनी साधारण 95 टक्के इम्प्लांट तोंडात असतात, असे आकडे बहुतेक ठिकाणी सापडतात. छान आकडा आहे. पण ‘तोंडात आहे’ आणि ‘ठणठणीत आहे’ यात फरक आहे. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, पू होतो, आतलं हाड विरघळतं. याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात, आणि तो काही क्वचित होणारा प्रकार नाही, अनेक अभ्यासांत पाचातल्या एका पेशंटच्या आसपास सापडलाय. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचं एक अस्तर असतं, हिरडीचे धागे मुळात घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटला ते अस्तर नसतं, त्यामुळे इन्फेक्शन एकदा खाली उतरलं की वेगाने उतरतं. आणि दुखत नाही! पेशंट येतो तो ‘मॅडम ब्रश करताना जरासं रक्त येतं, वास येतो’ एवढंच सांगत येतो, मी बारीक मोजपट्टीची सळई हिरडीत घालते तर ती खाली जातच राहते, हिरडी दाबली की बाजूने पिवळा थेंब वर येतो, आणि एक्सरेत स्क्रूचे वरचे चार आटे हाडाबाहेर उघडे. पेशंट म्हणतो, पण मला तर सांगितलं होतं की काही बघायला लागत नाही.

बघायला लागतं. इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश) किंवा सुपर फ्लॉस (फटी साफ करायचा जाड दोरा) रोज, सहा महिन्यांनी तपासणी आणि सफाई, अधूनमधून एक्सरे. शिवाय वरची कॅप काही अमर नसते, तिचा तुकडा उडतो, आतला छोटा स्क्रू सैल होतो, दहा-पंधरा वर्षांत कॅप बदलायची वेळ येऊ शकते. तो खर्च आजच्या कोटेशनमध्ये नसतो. आणि ज्यांचा मूळ दातच पायरियाने हलून गेलाय, त्यांनी तर हे दोनदा वाचा, कारण ज्या हिरडीने दात घालवला तीच हिरडी इम्प्लांटभोवती असणार आहे. आधी पायरियाचा इलाज, मग इम्प्लांटचं नाव.

‘वय, शुगर, तंबाखू काही आड येत नाही’

वयाचं बोलायचं तर वरची मर्यादा खरंच नाही, 75 च्या तब्येतीने चांगल्या आजींना इम्प्लांट बसतो. खालची मर्यादा मात्र आहे, आणि ती मेसेजवाल्याने गिळून टाकलीय. क्रिकेटचा बॉल लागून 14 वर्षांच्या मुलाचा पुढचा दात गेला की आईवडील ताबडतोब इम्प्लांट मागतात. जबड्याची वाढ चालू असते, शेजारचे दात हाडाबरोबर खाली येत राहतात आणि इम्प्लांट जिथे ठोकला तिथेच राहतो, चार-पाच वर्षांनी तो दात आखूड दिसतो. त्याला वाढ पूर्ण होईस्तोवर तात्पुरता काढता-घालता दात किंवा मागून चिकटवलेला ब्रिजच बरा.

शुगर आटोक्यात असेल तर चालतं. एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) 8 च्या वर असेल तर मी थांबवते, आधी फिजिशियनकडे पाठवते.

तंबाखूचं मात्र आपल्याकडे वेगळंच प्रकरण आहे. सिगरेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फेल जाण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट दिसतं. पण आमच्याकडे विचारलं की बायका ठामपणे ‘तंबाखू? छे!’ म्हणतात आणि मग हळूच, ‘मशेरी लावते तेवढी, सकाळी आणि झोपताना.’ अहो मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच! गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे, पण तोंडं बघितली की बंदी कुठे आहे असा प्रश्न पडतो. काहींचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, मागच्या दाढेपाशी ड्रिल पोचणारच कसं? अशा माणसाला इम्प्लांटचं कोटेशन देण्याआधी तोंडाची नीट तपासणी करून घ्यायला हवी, कारण ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते.

आणखी एक गोष्ट लोक सांगायला विसरतात: हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी घेतलेलं इंजेक्शन. काही इंजेक्शनांमुळे जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो, ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला धोका कमी, कॅन्सरच्या डोसला बराच जास्त. डेंटिस्टला सांगा, पण इंजेक्शन किंवा रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्याने भलतंच होतं. जबड्याला रेडिएशन झालं असेल तर तेही सांगा.

‘ब्रिज आणि कवळी जुन्या झाल्या’

गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात अखंड, न किडलेले असतील तर ते घासून ब्रिज करायला माझाही हात धजत नाही, तिथे इम्प्लांटच चांगला. पण दोन्ही बाजूंना आधीच रूट कॅनल झालंय, कॅप घालायच्याच आहेत, तर मधला दात ब्रिजमध्ये सहज येतो, ऑपरेशन नाही, दोन-तीन आठवड्यांत काम संपतं. नीट सांभाळला तर ब्रिज 10-15 वर्षं जातो.

सगळे दात गेलेल्यांना तर हा मेसेज सरळ सहा-आठ इम्प्लांटकडे ढकलतो. वरची कवळी टाळूला धरून बऱ्यापैकी बसते, त्रास खालची देते, जिभेबरोबर तरंगते, भाकरी चावताना उचलली जाते. त्यावर मधला मार्ग आहे: खाली फक्त 2 इम्प्लांट आणि त्यावर बटणासारखी क्लिक होणारी कवळी. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात 2002 साली तज्ज्ञ बसले होते, त्यांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय ठरवला. पुण्या-मुंबईत एक इम्प्लांट कॅपसकट साधारण 25 हजारांपासून 50-60 हजारांपर्यंत जातो, तेव्हा दोन आणि आठ यातला फरक तुम्हीच काढा. मेडिक्लेममध्ये अपघात सोडून हे सहसा बसत नाही. वेळ असेल आणि खेटे घालायची तयारी असेल तर सरकारी डेंटल कॉलेजात चौकशी करा, तिथे खर्च कमी येतो.

(उलट्या बाजूच्या अफवाही ऐकते: इम्प्लांट असला की एमआरआय होत नाही, वरच्या जबड्यात स्क्रू घातला की नजर जाते. दोन्ही चूक. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, फक्त चुंबकाने धरणारी कवळी असेल तर ती काढून ठेवायची. आणि डोळ्यांचा दाताच्या मुळाशी संबंध नाही.)

‘ब्रिज सुचवणाऱ्याला इम्प्लांट येत नाही’

काहींना येत नसेलही, त्यात लाज कसली, ते दुसरीकडे पाठवतात. तुम्ही डॉक्टरला तिन्ही पर्यायांचा खर्च आणि पाच वर्षांनी काय होईल ते कागदावर लिहून मागा, जो चिडेल तिथून उठा. आणि इम्प्लांट करायचंच ठरलं तर शेवटी कंपनीचं नाव, साइज आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर किंवा कार्ड मागून घ्या, आधार कार्डाच्या पाकिटात ठेवा. बाहेरगावी स्क्रू सैल झाला की लोक माझ्यासारखीकडे येतात, कुठली कंपनी विचारलं तर ‘चांगली होती, इंपोर्टेड’ एवढंच सांगतात, आणि प्रत्येक कंपनीचा स्क्रू ड्रायव्हर एकमेकांना चालेलच असं नसतं, मग मी एक्सरे धरून आट्यांच्या आकारावरून अंदाज बांधत बसते.