एका स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर (विषय: ॲस्पिनल-गेन लढतीचं कुपन)

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. कुपनावरचे पाचही अंदाज बरोबर असून फुकटची मिसळ नाकारली, काउंटरवरचा पोरगा हसला, पाव गार होता आणि हे नाश्त्याचं दुकान नसून सट्ट्याचा अड्डा आहे, असं तुम्ही लिहिलंय.

पाव गार होता, मान्य. गर्दीत न शेकताच पुढे केला. पोरगा हसला तेही खरं, त्याला बोललोय.

अड्डा मात्र म्हणू नका. कुपनाला आम्ही एक रुपया घेत नाही आणि कुणाला रोख काही देत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी विश्रामबागेत मिसळ विकून माझं बरं चाललंय.

आता कुपन. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. 25 ऑक्टोबर 2025 ला अबू धाबीत यूएफसी 321 होतं, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती. शनिवारी संध्याकाळपर्यंत कुपन भरायचं, रात्री आपापल्या घरी लढती बघायच्या, रविवारी सकाळी नाश्त्याला यायचं. पाचही मुख्य लढतींचे विजेते जमले तर दोघांची मिसळ आमच्याकडून. तुमचे मुर्झाकानोव्ह, वोल्कोव्ह, उमर नुरमागोमेदोव्ह आणि डर्न हे चारही जमले. त्यात वोल्कोव्ह दोन विरुद्ध एक पंचांच्या मताने जिंकला, तो ओळखल्याबद्दल तुम्हाला मानलं. पाचव्या लढतीत तुम्ही ॲस्पिनल लिहिला होता. पहिल्याच फेरीत गेनची बोटं त्याच्या डोळ्यांत गेली, त्याला दिसेना, आणि 4 मिनिटं 35 सेकंदांवर थांबलेली लढत 'नो कॉन्टेस्ट' ठरली, म्हणजे निकालच नाही, कुणी जिंकलं नाही की हरलं नाही.

तुम्ही म्हणता, अजिंक्यपदाचा पट्टा ॲस्पिनलकडेच राहिला म्हणजे तोच जिंकला. तसं नसतं. पट्टा राहिला कारण तो कुणी घेतला नाही. तुमचा दुसरा मुद्दा, बोट घालणाऱ्याला बाद का केलं नाही? तसंही होतं. मार्च 2021 मध्ये पेत्र यानने गुडघ्यावर असलेल्या स्टर्लिंगच्या डोक्यात नियमबाह्य गुडघा हाणला, यान बाद झाला आणि आडवा पडलेला स्टर्लिंग विजेता ठरला. यानवर पैसे लावणाऱ्यांचे बुडाले. इथे मात्र पंचांनी बोट चुकून लागलं असं धरलं. पाच फेऱ्यांच्या लढतीत तीन फेऱ्या पुऱ्या झाल्यावर असं घडलं तर गुणांवर निकाल देतात. पहिल्या फेरीत गुण मोजणार कसले?

इथपर्यंत मी स्वतःला शहाणा समजत होतो. पण तुमचं एक वाक्य डोक्यात राहिलं: "बाहेरच्या देशात पैसे परत देतात." देतात, बरोबर. जिथे सट्टा कायदेशीर आहे तिथे साधारण रीत अशी की फक्त दोन लढवय्यांवर भाव (जिंकल्यास रकमेच्या किती पट मिळणार ते) असेल आणि लढत बरोबरीत किंवा नो कॉन्टेस्टवर गेली, तर लावलेली रक्कम परत. बरोबरीचा तिसरा भाव लावलेला असेल तर गोष्ट वेगळी. डिसेंबर 2020 मध्ये फिगेरेदो आणि मोरेनो बरोबरीत सुटले, तेव्हा अशा तिहेरी भावात दोघांच्याही नावावर लावलेले पैसे गेले असणार. आणि पाच लढती एकत्र बांधून लावल्या असतील, तर निकाल न लागलेली गळते, उरलेल्या चारांचा भाव धरतात. भाव कमी होतो, पण डाव जिवंत राहतो.

आमच्या कुपनावर तर दोनच नावं होती, बरोबरीचा रकाना नव्हताच. म्हणजे तुमची पाचवी लढत गळायला हवी होती, आणि मी ती हरल्यात धरली. मी मूळचा कवठेपिरानचा, हिंदकेसरी मारुती मानेंच्या गावचा. जत्रेच्या फडात कुस्ती निकाली झाली नाही आणि बरोबरीत सोडवली, तर इनाम दोघांत वाटतात, दोघांनाही हरलेले ठरवून पंच स्वतःच्या खिशात घालत नाहीत. मी नेमकं तेच केलं. हे मला तरी कळायला हवं होतं.

तेव्हा ज्यांचे बाकीचे चार अंदाज बरोबर आहेत त्या सगळ्यांना मिसळ, पाचव्यात ॲस्पिनल लिहिलेला असो की गेन. मात्र दोघांची नाही, एकाची. पाचाचा भाव चाराला कसा देणार? यावर तुम्ही आणखी एक स्टार कापू शकत नाही, एकच उरलाय.

पुढच्या कुपनावर 'बरोबरी किंवा नो कॉन्टेस्ट' असा तिसरा रकाना येईल, आणि खाली छापून येईल की त्या रात्री पिंजऱ्यात जाहीर झालेला निकालच धरला जाईल. नाहीतर 2017 सारखं व्हायचं. जोन्सने जुलैत कॉर्मियेला पाडलं, मग उत्तेजक चाचणीत सापडला आणि सप्टेंबरात ती लढत नो कॉन्टेस्ट झाली. दोन महिन्यांपूर्वी खाल्लेली मिसळ मी कुणाकडून परत मागू?

रविवारी अकराच्या आत या, नंतर कट संपतो. कुपन रागाने फाडलं असेल तरी हरकत नाही, स्थळप्रत माझ्याकडे आहे. पाव मी स्वतः शेकून देतो.