संघ नसलेल्या राज्यातला खेळ

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत राहणारी आपली मित्रमंडळी भेटली की हमखास विचारतात, की आयोवात खेळाच्या नावाने बघायला आहे तरी काय? अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल किंवा आइस हॉकी यांच्या बड्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ आमच्या राज्यात नाही, हे खरेच आहे. राज्याची लोकसंख्या सुमारे 32 लाख, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या माझ्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षाही कमी, आणि तीही छोट्या छोट्या गावांत विखुरलेली. एवढ्या वस्तीच्या बळावर असा संघ पोसणे कठीणच. तरीही इथे बारा वर्षे काढल्यावर मी ठामपणे म्हणतो, की कोल्हापूर सोडल्यानंतर खेळावर असा जीव टाकणारी माणसे मला पुन्हा भेटली ती आयोवातच, आणि इथला खेळ कोणा धनिकाच्या मालकीचा नसणे हे त्याचे एक मोठे कारण आहे.

जानेवारीतल्या एखाद्या गुरुवारी, बाहेर बर्फ साचलेला असताना, आमच्या गावच्या हायस्कूलच्या जिममध्ये कुस्तीच्या लढती बघायला यावे. पॉपकॉर्नचा स्टॉल मुलांचे पालकच सांभाळत असतात, मॅट पुसणारी मुलेही शाळेचीच असतात आणि सगळ्यात हलक्या, जेमतेम 48 किलोच्या गटातला पोरगा कानांवर संरक्षक पट्टा आवळत कडेला उड्या मारत असतो. माझ्या शेजारी नेहमी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आजोबा बसतात. त्यांचा नातू शाळा सोडून कधीच बाहेरगावी गेला, तरी ते येतात, आणि समोरच्याने पायाला धरून पट काढायच्या आधीच आमच्या पोराला ओरडून सावध करतात. गंगावेशीतल्या तालमीच्या कट्ट्यावर बसणारे म्हातारे मल्ल मी लहानपणी पाहिले आहेत. भाषा आणि माती सोडली तर या आजोबांत आणि त्यांच्यात मला काडीचाही फरक दिसत नाही.

कुस्ती हा इथला जीव की प्राण आहे. वॉटर्लू गावचे डॅन गेबल यांनी 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्णपदक जिंकले आणि पुढे आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून 21 हंगामांत 15 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. आजही त्यांचे नाव इथे आपल्याकडे खाशाबा जाधवांचे घ्यावे तशा आदराने घेतले जाते. विद्यापीठाच्या ज्या सभागृहात कुस्त्या होतात ते टेकडीत खोदून बांधलेले आहे, त्यामुळे आपण वरून आत शिरतो आणि मॅट खाली खोल दिसते. पहिल्यांदा तिथे शिरलो तेव्हा मला कोल्हापूरचे खासबाग कुस्ती मैदान आठवले आणि घशाशी हुंदका आला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. 2015 साली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाविरुद्धची लढत आयोवा विद्यापीठाने फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर उघड्यावर भरवली, तेव्हा नुसती कुस्ती बघायला 42,287 माणसे आली होती.

मुलींच्या बास्केटबॉलची गोष्ट तर याहूनही जुनी आहे. इथे प्रत्येक बाजूला सहा मुली असलेला वेगळाच खेळ होता: तिघी फक्त बास्केट करायच्या, तिघी फक्त अडवायच्या आणि मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. मुलींना दमणूक सोसणार नाही या समजुतीतून आलेला हा नियम आजच्या दृष्टीने चुकीचाच होता, आणि 1993 साली तो खेळ बंद झाला ते योग्यच झाले. पण 1920 पासून राज्यस्तरीय स्पर्धेला मुलींचा खेळ बघायला गावेच्या गावे लोटत होती, हेही तितकेच खरे. बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क या मातीत वाढली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिच्या आयोवा विद्यापीठाच्या संघाचा एक साधा सराव सामना किनिक स्टेडियमवर झाला आणि त्याला 55,646 प्रेक्षक आले, तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटले. जिममधल्या माझ्या शेजारच्या आजोबांना मात्र अजिबात वाटले नाही, कारण त्यांची बायको 1960 च्या दशकात गावच्या संघातून खेळलेली आहे.

विद्यापीठांचे संघ आता नावालाच हौशी उरले आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. 2025 च्या उन्हाळ्यापासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि फुटबॉलचा प्रशिक्षक कुठल्याही प्राध्यापकाच्या कितीतरी पट पगार घेतो. करोनाच्या वर्षी पैशाचे कारण देऊन आयोवा विद्यापीठाने पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स, टेनिस आणि जलतरण बंद केले ते कायमचेच, आणि महिलांचे जलतरण मुलींनी न्यायालयात धाव घेतली म्हणून वाचले. मोठा व्यावसायिक संघ यावा म्हणून हळहळणाऱ्या माझ्या इथल्या मित्रांना मी हेच सांगतो, की आपली काळजी त्या संघाची नसून पटसंख्या घटत चाललेल्या खेड्यांतल्या शाळांची असायला हवी. शेजारच्या दोन गावांना मिळून आता एकच कुस्ती संघ उभा करावा लागतो. तिथले लोक त्याबद्दल बोलतात तेव्हा घरातले कोणी गेल्यासारखा त्यांचा आवाज खाली येतो.

गेल्या गुरुवारी आमची मुले हरली. लढती संपल्यावर कोणीही न सांगता पालक खाली उतरले, मॅटच्या जोडांवरची चिकटपट्टी काढली आणि सगळ्यांनी मिळून मॅट गुंडाळायला घेतली. शेवटची कुस्ती हरलेला पोरगा डोळे पुसत पुसतच त्यांच्यात येऊन उभा राहिला, आणि आजोबांनी काही न बोलता सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.