हानलेच्या आकाशगंगेचे फोटो खोटे नाहीत

‘हानलेला जाऊन आलो. आकाशगंगा दिसली ती फिकट, पांढुरक्या धुरासारखी. फोटोतले रंग, विशेषतः ती हिरवी छटा, डोळ्यांना कुठेही दिसले नाहीत. हे फोटो संगणकावर तयार केलेले असतात, एकावर एक दहा-वीस फोटो चढवलेले असतात. तेव्हा एवढ्या लांब जाऊन पैसे वाया घालवू नका,’ अशा आशयाचा मजकूर प्रवासप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांतून सतत फिरत असतो. लडाखच्या या शीत वाळवंटात मी अनेक रात्री कॅमेरा घेऊन उभा राहिलो आहे. या मजकुरातला अनुभव खरा आहे, परंतु त्यावरून काढलेले जवळजवळ सगळे निष्कर्ष चुकीचे आहेत.

त्यातला पहिला दावा असा, की जे डोळ्यांना दिसत नाही ते फोटोत आले म्हणजे ते मागाहून घातलेले असते. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. २० मिलिमीटर केंद्रांतराची लेन्स एफ २.८ वर, म्हणजे छिद्र केंद्रांतर भागिले २.८ इतके ठेवून लावली, तर तिचे छिद्रही जवळपास तेवढेच, म्हणजे ७.१ मिलिमीटर असते. दोघांच्या खिडक्या सारख्याच आहेत. फरक आहे तो वेळेचा. डोळा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळच प्रकाश साठवतो आणि मेंदूकडे पाठवून मोकळा होतो, तर कॅमेऱ्याचे शटर २० सेकंद उघडे असते. दोनशेपट वेळ साचलेल्या प्रकाशातून अधिक तपशील उमटला, तर त्यात फसवणूक कसली? पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्याने याहून फार अधिक वेळ शटर उघडे ठेवले, तर ताऱ्यांच्या रेघा होतात, एवढीच मर्यादा.

रंगांचेही तसेच आहे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर प्रकाश लागतो. अंधारात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंगभेद कळत नाही. म्हणून आकाशगंगा आपल्याला राखाडी दिसते. मात्र वृश्चिकातली ज्येष्ठा तांबूस आणि मृगातला राजन्य निळसर असल्याचे नुसत्या डोळ्यांनीही कळते, कारण हे तारे शंकुपेशींना जागे करण्याइतके तेजस्वी आहेत. रंग आकाशात असतातच; मंद प्रकाशात ते वाचण्याची क्षमता आपल्याकडे नसते.

फोटोतल्या हिरव्या छटेवर या मजकुरात विशेष रोष दिसतो, आणि याच मुद्द्याबद्दल मला सर्वाधिक सांगावेसे वाटते. ही वातावरणाची स्वतःची दीप्ती आहे. दिवसा सूर्यप्रकाशाने विलग झालेले ऑक्सिजनचे अणू रात्री पुन्हा एकत्र येताना, जमिनीपासून सुमारे ९५ किलोमीटर उंचीवर, ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश बाहेर टाकतात. एका रात्री मी दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलटून पालटून पाहिले, तेव्हा ताऱ्यांमागचे हिरवे पट्टे वाळूवरच्या लाटांसारखे बाजूला सरकलेले दिसले. दोन्ही फोटोंना अजून संगणकाचा स्पर्शही झालेला नव्हता. १० आणि ११ मे २०२४ दरम्यानच्या रात्री तीव्र सौरवादळ आले, तेव्हा हानलेतल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजालगतची लाल आभा टिपली. तीही ऑक्सिजनचीच, पण खूप अधिक उंचीवरची. लाल प्रकाशाच्या बाबतीत दंडपेशी जवळजवळ आंधळ्या असतात, म्हणून अशी आभा समोर असूनही माणसाला जेमतेम जाणवते.

अनेक फोटो एकत्र करण्याचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. एकाच दिशेचे १६ फोटो घेऊन त्यांची सरासरी काढली, तर फोटोतला दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर येतो आणि तारे जिथल्या तिथे राहतात. मोबाइलमधला नाइट मोडही हेच करतो.

खोटे फोटो नसतातच, असे मात्र मी म्हणणार नाही. दुसरीकडचे आकाश हानलेच्या डोंगरांवर चिकटवलेले फोटो मीही पाहिले आहेत, आणि त्यांचा मला मनस्वी संताप येतो. ते ओळखायला भूगोल पुरतो. आकाशगंगेचे केंद्र धनु राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरच्या आकाशातल्या रेषेच्या) २९ अंश दक्षिणेला आहे. हानले ३२.८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने तिथे हे केंद्र दक्षिण क्षितिजापासून २८ अंशांपेक्षा वर चढूच शकत नाही. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. म्हणजे तीन मुठींच्याही आत. पुण्यातून ते सुमारे ४२ अंशांपर्यंत चढते, तर चिलीच्या आटाकामा वाळवंटातून जवळजवळ डोक्यावर येते. तेव्हा लडाखच्या गोम्पावर, म्हणजे बौद्ध मठावर, थेट माथ्यावर, केंद्राचा फुगीर भाग दाखवणारा फोटो दिसला, तर शंका अवश्य घ्यावी. पौर्णिमेचा चंद्र आणि झळाळती आकाशगंगा शेजारी शेजारी असतील, तरीही घ्यावी.

राहता राहिला पैसे वाया जाण्याचा मुद्दा. घरबसल्या शहरातच काढलेल्या फोटोचा उजेड संगणकावर वाढवला, की आकाशगंगेबरोबर दिव्यांचा पिवळट उजेडही वाढतो. आकाशगंगा त्याच्यात बुडालेली असेल, तर ती वेगळी काढता येत नाही. सुमारे ४,५०० मीटर उंची, अत्यल्प पाऊस आणि कोरडी हवा यांमुळेच हानलेत भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा उभी राहिली, आणि तो अंधार जपण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये हानलेचा परिसर रात्र-आकाश राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. गावातली घरे त्यासाठी दिवे झाकतात, खिडक्यांना जाड पडदे लावतात. तिथे गाडीतून उतरून पाच मिनिटांत मोबाइलचा पडदा उजळणाऱ्याला धूरच दिसणार, कारण डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या झोतात ती मोडते. अर्धा तास कोणताही दिवा न लावता थांबले, की हंस तारकासमूहापासून धनू राशीपर्यंत आकाशगंगेला मधोमध चिरत गेलेला धुळीचा काळा पट्टा, त्याच्या फाटलेल्या कडांसकट, कॅमेऱ्याविनाही दिसू लागतो.