पीएचडीसाठी जिल्हा निवडताना

जनुकशास्त्रात पीएचडी करायचं ठरवलंत, अभिनंदन. आता पहिलं काम: डोक्यात एखादा प्रश्न घोळत असेल तर तो काढून टाका. मुलाखतीत ‘मला अमुक समजून घ्यायचंय’ म्हणणाऱ्या उमेदवाराला गाईड घाबरतात. समजून घेण्याला मुदत नसते, फेलोशिपला असते. जेआरएफचे (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे) महिना ३७ हजार (जानेवारी २०२३ पासूनचा दर, खात्यात कधी पडतील हा स्वतंत्र संशोधनाचा विषय), पुढे एसआरएफचे (सीनिअर फेलोशिपचे) थोडे जास्त, असा एकूण पाच वर्षांचा खेळ. त्यात प्रश्न बसवायला जागा कुठे आहे?

प्रश्नाच्या नादाने मुलं कशी वाया जातात त्याचं उदाहरण जुनं आहे. १९११ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टर्टेव्हंट नावाचा पदवीचा विद्यार्थी मॉर्गनसाहेबांच्या फळमाश्यांच्या खोलीत काम करायचा. साहेबांशी बोलता बोलता त्याला काहीतरी सुचलं, गृहपाठ बाजूला टाकून गडी रात्रभर बसला आणि गुणसूत्राचा जगातला पहिला नकाशा काढून मोकळा झाला. आपल्याकडे असता तर रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला हजेरी कमी म्हणून घरी बसला असता.

तेव्हा प्रश्न नको. जनुक घ्या. माणसाच्या शरीरात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजार असली तरी निवडीचा ताण घेऊ नका, तुमचं जनुक पूर्वीच ठरलेलं आहे: एमटीएचएफआर. त्याच्या ६७७व्या जागी डीएनएचं ‘सी’ हे अक्षर जाऊन ‘टी’ आलं की फोलेटच्या (एका ब जीवनसत्त्वाच्या) कामाचं एक एन्झाइम उष्णतेला जरा हळवं होतं, हे १९९५ साली कळलं. त्यानंतर या बिचाऱ्या एका अक्षराचा संबंध हृदयविकार, मधुमेह, गर्भपात, मायग्रेन, नैराश्य अशा सगळ्यांशी जोडून झालाय. इतकी ओझी वाहणारं अक्षर सबंध जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएमध्ये, दुसरं क्वचितच असेल.

मग तुमचं नवीन काय? जिल्हा! महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. एमटीएचएफआर आणि मधुमेह सोलापुरात कुणी केलं असेल तर तुम्ही धाराशिव घ्या. धाराशिवमध्ये आजवर कुणी केलेलं नाही, यालाच सिनॉप्सिसमध्ये ‘रिसर्च गॅप’ म्हणतात. मधुमेहाला जिल्ह्याची हद्द कळते का, असं कमिटीत कुणी विचारत नाही, कारण कमिटीतल्या निम्म्यांचे स्वतःचे जिल्हे आहेत.

नमुने किती घ्यायचे? ९६. पॉवर कॅल्क्युलेशन (किती नमुने पुरतील याचं गणित) वगैरे पुस्तकात असतं. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या, प्लेटला आठ गुणिले बारा, म्हणजे ९६ खळगे असतात, म्हणून ९६. रुग्ण ४८, निरोगी ४८. रुग्ण ओपीडीतून मिळतील, साठीच्या आसपासचे. निरोगी म्हणून लॅबमधली मुलं, होस्टेलची मुलं आणि रक्तदान शिबिराला बिस्किटांच्या आशेने आलेली एमएस्सीची बॅच घ्या. बावीस वर्षांच्या पोरांना मधुमेह नाही, हे तर स्वच्छ दिसतंच. चाळीस वर्षांनी त्यांचं काय होईल ते प्रबंधाच्या ‘भविष्यातील संशोधनाच्या दिशा’ या प्रकरणात टाकता येतं.

यानंतर दीड-दोन वर्षं डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची वाट बघा. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, मग मार्चअखेर. माल आला की तो शनिवारीच येतो, आणि कुरिअरवाला कोरडा बर्फ उडून गेलेला खोका वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून जातो. सोमवारी गेलात की उघडा आणि हसतमुखाने वापरा.

आता जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी चकती. इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तुमचा सगळा निष्कर्ष या दोन बोटं रुंद पट्टीत आहे. पीसीआरने १९८ अक्षरांचा तुकडा वाढवायचा आणि हिन्फ-वन या एन्झाइमने कापायचा. ‘टी’ असेल तरच तो कापला जातो आणि १७५ व २३ असे दोन तुकडे पडतात. २३चा तुकडा इतका छोटा की बहुधा दिसतच नाही. म्हणजे राहिलं काय, तर १९८ आणि १७५ या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतला फरक डोळ्यांनी ओळखायचा. ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असं २०२३च्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत विचारलं गेलं होतं. त्याचं उत्तर म्हणजे हा यूव्हीचा दिवा. तो लावला की इथिडियम ब्रोमाइडमुळे पट्ट्या केशरी चमकतात. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणून अक्षरंही दोन: वरची एकच पट्टी दिसली तर सीसी. खालची एकच दिसली तर टीटी. डोळ्यांना पाणी आल्यामुळे दोन दिसल्या तर सीटी. हिन्फ-वन वॉचमनच्या केबिनमध्येच वारलं असेल तर सगळा धाराशिव जिल्हा सीसी निघतो. तसं झालं तर घाबरू नका, त्याला ‘लोकसमूहाचं वेगळेपण’ म्हणतात आणि त्यावर वेगळा पेपर होतो.

आकडे आले की संख्याशास्त्र. टीटीवाली माणसं आपल्याकडे मुळातच कमी, तुमच्या ९६मध्ये दोन-तीन सापडली तर नशीब. मग त्यांना सीटीमध्ये मिसळा, हे डॉमिनंट मॉडेल. पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.०५च्या खाली आली नाही तर सीटी तिकडून काढून सीसीत मिसळा, हे रिसेसिव्ह मॉडेल. मग बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. मग शाकाहारी, मिश्राहारी, तंबाखू खाणारे. कुठेतरी ०.०४ निघतंच. अगदी नाहीच निघालं तर ०.०७ला ‘कल दिसून येतो’ असं लिहा. वाक्य प्रबंधात शोभतंसुद्धा.

काही विघ्नसंतोषी लोकांपासून मात्र सावध राहा. ही मंडळी सबंध जीनोम चाळतात आणि पी व्हॅल्यू ०.०००००००५च्या खाली आल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. म्हणजे निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता दोन कोटींत एक. एवढा हट्ट बरा नव्हे. यांच्यापैकीच काहींनी २०१९ साली नैराश्याशी जोडली गेलेली १८ नावाजलेली जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली. यदृच्छेने कुठलीही १८ उचलली असती तर जेवढं निघालं असतं, त्यापेक्षा जास्त काही निघालं नाही. वर्षानुवर्षांचे पेपर, किती जणांची प्रमोशनं, सगळ्यावर पाणी. भरीस भर म्हणजे जानेवारी २०२५मध्ये जवळपास दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना रीतसर अर्ज करून मिळायला लागली. तुमचं ते ६७७वं अक्षरही त्यात आहे. अर्ज मंजूर झालेलं एखादं कार्टं चहा निवेपर्यंत ते शोधून दाखवेल. अशा लोकांना तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून येऊ देऊ नका. शेजारच्या जिल्ह्यावर त्याच जनुकाचं काम केलेला परीक्षक सुचवा, तो तुम्हाला नापास करून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईल?

तक्ते अर्थातच एक्सेलमध्ये करा. एक्सेल मार्च-वन या जनुकाचं नाव बघून ‘१ मार्च’ करून टाकतं. जनुकांच्या नावांची आंतरराष्ट्रीय समिती एक्सेलपुढे इतकी टेकीला आली की २०२०मध्ये तिने अशा जनुकांची नावंच बदलून टाकली. ज्या सॉफ्टवेअरपुढे समिती हरली तिथे तुम्ही-आम्ही कोण.

पेपर छापणं सोपं आहे. पैसे भरले की तीन दिवसांत ‘कसून परीक्षण’ होऊन येतं. मे २०१८मध्ये यूजीसीने स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली होती, त्यावरून आधी यादीत किती उदार आसरा होता याची कल्पना यावी. लेखकांच्या यादीत गाईड, विभागप्रमुख, ओपीडीचे डॉक्टर आणि फ्रीझरची किल्ली ज्यांच्याकडे असते ते, एवढे घाला. जागा उरली तर तुमचं.

एक बारीकशी अडचण राहते. एथिक्स कमिटी संमतीपत्रावर संशोधकाचा फोन नंबर टाकायला लावते. त्या ४८ जणांतलं कुणीतरी, बहुधा पन्नाशीची एखादी बाई, घडी घालून ठेवलेला तो कागद काढून फोन करते: ‘अहो साहेब, माझं रक्त नेलं होतं ना तुम्ही, त्यात काय निघालं? माझ्या पोरांना होईल का हो शुगर?’ प्रबंधाच्या दोनशे पानांत याचं उत्तर सापडणार नाही, शोधत बसू नका. संमतीपत्रावर पहिल्यापासूनच विभागाचा लँडलाइन नंबर टाकावा. तो लागत नाही.