नोकरी बदलताना आधी कागद पाहा

नव्या नोकरीत रुजू होण्याबद्दलच्या तुमच्या लेखात पहिल्या दिवसाच्या वागण्याबोलण्यावर भर आहे, तो योग्यच. पण नागपूरच्या मिहान या उद्योग-आयटी प्रकल्पात रुजू होणाऱ्या मुलांचं खरं अडतं ते कागदांवर. दुसरी नोकरी असेल तर जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा खातेक्रमांक) द्या, नवा काढू नका. नाहीतर पीएफ दोन ठिकाणी विखुरतो. आधार, पॅन आणि बँकेत नाव अगदी सारखं हवं. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरही पीएफ काढण्याचा क्लेम अडकू शकतो.

वर्षाच्या मधेच बदल केला असेल तर आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीच्या पेरोल (पगार) विभागाला लेखी कळवाच. नाहीतर दोन्हीकडे प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) धरली जाते, टीडीएस म्हणजे पगारातून कापायचा कर कमी कापला जातो आणि विवरणपत्राच्या वेळी उरलेला कर व्याजासकट भरावा लागतो. आणि हो, महिन्याभरात काय अपेक्षित आहे ते साहेबांकडून ईमेलवर घ्या.