'लुसिटानिया'चं पदक आधीच तयार होतं म्हणे!

कोल्हापुरात नाणी-पदकं जमवणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक फोटो फिरतोय. एका बाजूला बुडतं जहाज, दुसऱ्या बाजूला तिकीट-खिडकीत बसलेला सांगाडा. खाली मजकूर असा, की पहिल्या महायुद्धात जर्मन सरकारनं लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवण्याआधीच हे विजयपदक काढलं. जहाज बुडालं 7 मे 1915 रोजी, पदकावर मात्र 5 मे. शिवाय अतिदुर्मिळ, किंमत लाखांत.

आधी तारीख बघू, कारण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. जहाज 1 मे रोजी न्यूयॉर्कहून निघालं. 5 तारखेला ते भर अटलांटिकमध्ये होतं. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ पोचलं ते 7 तारखेला, आणि तिथंच यू-20 या जर्मन पाणबुडीनं त्याच्यावर टॉर्पेडो सोडला. कट आधीच शिजला असता, तर जहाज पाणबुडीच्या टप्प्यातही येणार नाही असा दिवस कोण कोरेल? म्युनिकचा पदककार कार्ल गोट्झ यानं हे पदक घडवलं ऑगस्टमध्ये. वर्तमानपत्रातल्या चुकीच्या तारखेवर तो विसंबला. पुढे 7 मे घालून दुरुस्त पदकही त्यानं काढलं.

सरकारी म्हणाल, तर तेही नाही. गोट्झचा हा खासगी उद्योग.

'विजयपदक' हा शब्दही नीट बसत नाही. सांगाडा तिकिटं विकतोय जहाजाच्या मालक क्युनार्ड कंपनीची, आणि वर कोरलंय 'धंदा सगळ्यांत आधी'. गिऱ्हाइकांतला एक जण पाणबुडीच्या धोक्याची बातमी वाचतोय. धोका ठाऊक असून कंपनीनं प्रवासी भरले, असा टोला. म्हणून गोट्झ काही साळसूद ठरत नाही. डेकवर त्यानं तोफा आणि विमानं दाखवलीत, ती तिथं नव्हतीच. (मालात काडतुसं होती, हे मात्र खरं.) सुमारे 1,200 माणसं मेली, त्यांत लहान मुलंही, आणि हा गडी टोमणे मारत बसला.

राहिली दुर्मिळता. ब्रिटिशांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. त्यांनी ओतीव लोखंडात अडीच-तीन लाख नकला काढल्या आणि डबीत घालून, जर्मन क्रौर्याचं पत्रक जोडून विकल्या. 'आधीच तयार होतं' ही आवईही त्याच प्रचारातून फोफावली. नकलेतले बारकावे बोथट असतात. शिरोलीच्या फाउंड्रीत राबलेल्याला ते बोट फिरवूनच कळेल. त्याहून सोपी खूण महिन्याच्या नावात आहे. गोट्झच्या पदकावर जर्मन पद्धतीनं एम-ए-आय, ब्रिटिश नकलेवर एम-ए-वाय. फिरणारा फोटो जरा मोठा करून बघा, शेवटचं अक्षर 'वाय' आहे.