'समजून घेतो' म्हणजे नक्की काय करतो?

बीएडचं दुसरं वर्ष चालू आहे, सराव पाठ सुरू झालेत, आणि सध्या माझं सगळं आयुष्य पाठ टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याच्या, फाईलीत अडकलंय. प्रास्ताविक, हेतुकथन, फलकलेखन, गृहपाठ हे सगळं निभतं हो, पण उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं (उद्दिष्ट साधलं हे मुलाच्या कुठल्या कृतीतून कळेल ती वाक्यं) लिहायची वेळ आली की आमच्यातला प्रत्येकजण सिनियरची फाईल शोधत फिरतो. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू. डोंबिवली ते दादर उभ्याने येताना मोबाईलवर त्या पानांचे फोटो झूम करून वाचायचे आणि कॉलेजात बसून उतरवून काढायचे. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, प्रत्येकाखाली एकेक वाक्य, संपला विषय.

सहावीला बाष्पीभवन होतं. मी लिहिलं, 'विद्यार्थी बाष्पीभवनाची संकल्पना समजून घेतो'. मेथडच्या, म्हणजे विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या, मॅडमनी 'समजून घेतो'ला लाल गोल केला आणि म्हणाल्या, "समजलं हे तुला दिसणार कुठून? कपाळावर उमटणारे का त्याच्या?" राग आला मला, कारण सगळ्या फायलींत हेच असतं आणि सगळ्यांना सह्याही मिळतात.

वर्गात गेले, व्याख्या सांगितली, आकृती काढली, "समजलं का?" विचारलं, "होऽऽ बाई". मग सहज विचारलं की पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत, तर उत्तर आलं ऊन नसतं म्हणून. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "पण बाई, आई घरात पंख्याखाली टाकते ना, तिथे कुठे ऊन असतं?" माझ्याकडे उत्तर होतं, की कपड्याजवळची दमट हवा पंख्यामुळे हलते वगैरे, पण टाचणात त्यासाठी जागाच नव्हती, ३५ मिनिटं व्याख्येत संपली होती आणि घंटा झाली.

घरी येऊन ते वाक्य परत लिहिलं. 'एक ओला रुमाल घडी करून आणि एक पसरून ठेवला तर कुठला आधी वाळेल ते विद्यार्थी कारणासह सांगतो.' गंमत म्हणजे हे एवढं लिहिल्यावर बाकीचा पाठ आपोआप सुटला, साहित्य काय तर दोन रुमाल, आणि मूल्यमापनाचा प्रश्न तर त्या वाक्यातच बसलेला. रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६२ मध्येच सांगितलं होतं की उद्दिष्टात मूल काय करेल, कुठल्या परिस्थितीत आणि किती चांगलं, हे दिसायला हवं. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते!! बेंजामिन ब्लूमच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या १९५६ च्या वर्गीकरणातलं 'ज्ञान' २००१ मध्ये बदलून 'आठवणे' असं क्रियापद झालं, तेही पाठ.

मराठी मेथडवाली मैत्रीण मात्र भांडते. कवितेचा आस्वाद घेतो हे दिसणार कसं म्हणते, आणि तिचं अर्धं बरोबर आहे. 'आवडलेली ओळ निवडून ती का आवडली ते सांगतो' असं लिहिता येतं, पण एखादं पोर कविता ऐकून नुसतं गप्प बसलं तर ते कुठल्या रकान्यात टाकायचं? 'किती चांगलं' म्हणून '८०% विद्यार्थी अचूक सांगतात' लिहायचं तेही मला थोतांड वाटतं, ३५ मिनिटांत मोजणार कोण.

उद्या सातवीला चुंबक आहे. एकच स्पष्टीकरण लिहिलंय, फाईलीत चार लागतात. बाकीच्या तीन ओळी कोऱ्या ठेवल्यात, सही मिळते का बघू.